आरवाडेंचा हॉर्न

कवठेपूरच्या जुन्या पुलावर दोन ई-रिक्षा नाकाला नाक लावून उभ्या होत्या. पूल एका गाडीच्या रुंदीचा. इंग्रजांनी बांधला तेव्हा गावात गाडीच एक होती, साहेबाची, त्यामुळे समोरून कोण येणार हा प्रश्नच नव्हता. आता दोन्ही बाजूंना पार नदीकाठापर्यंत रांगा लागल्या होत्या आणि दोन्ही रिक्षावाले एकच वाक्य एकमेकांवर फेकत होते.

"मागं घे की रं!"

"आरं, मी घेतोयच! हीच जात न्हाई!"

"हात वर कर तुझं!"

"हे बघ! दोन्ही वर हाईत!"

खरंच, दोघेही पोलिसांनी पकडल्यासारखे हात वर करून बसले होते, आणि दोन्ही रिक्षा आपापल्या जागी ठाम. त्यातल्या एकीत मागच्या सीटवर डॉ. त्रिशला आरवाडे मांडीवर पर्स ठेवून बसल्या होत्या. वय सदुसष्ट, धंदा दातांचा. पलीकडच्या काठावर त्यांचा दवाखाना होता आणि तिथे एक पेशंट सुजलेला गाल धरून वाट बघत असणार होता.

"आता हो काय?" त्यांनी विचारलं.

"आता काय, कुणीतरी बॅटरीची वायर उपसायची. ह्या आठवड्यात लई वेळा झालं, बाई. समोरचा हटंल म्हणून दोघीबी थांबत्यात. बायकू परवडली, पर..."

पुढचं वाक्य त्याला पुरं करता आलं नाही, कारण रिक्षानं आपणहून हॉर्न दिला. पों. मग क्षणभर काहीच नाही. मग पोंऽऽऽ. पहिला आखूड, दुसरा लांब.

समोरच्या रिक्षानं तस्साच दिला.

त्रिशलाबाईंच्या मांडीवरची पर्स खाली पडली. तो हॉर्न जगात एकच माणूस तसा वाजवायचा. जिंकल्यावर. खुर्चीत मागे रेलून, मिशीला हात लावून. आणि त्या माणसाला जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

त्या रिक्षातून उतरल्या आणि उरलेला पूल चालत गेल्या. दवाखान्यात पेशंटनं आ केला तेव्हा नेहमीसारखं म्हणाल्या, "दुखणार नाही हं." पण आरसा सुजलेला गाल सोडून दुसऱ्याच बाजूला धरला, आणि ते पेशंटलाही कळलं.

*

पुलापुरतं असतं तर गावानं दोन दिवस हसून सोडून दिलं असतं. पण मंगल कार्यालयात फरशी पुसणारी दोन यंत्रं दारात समोरासमोर आली आणि मुहूर्त टळेपर्यंत हटेनात. नवरदेवाला त्यांच्यावरून उडी मारावी लागली, त्यात त्याचं धोतर सुटलं, आणि ते फोटो अजून गावभर फिरत आहेत. सरकारी दवाखान्याच्या बोळात आपोआप चालणारे दोन स्ट्रेचर अडले. वरचे दोन्ही पेशंट उठून चालत गेले आणि आपापल्या ऑपरेशनला वेळेवर पोचले. मग एकदा पुलावर शववाहिका आणि वरात समोरासमोर आली. दोन्ही गाड्या ढिम्म. कोणती चाल वाजवली तर दोन्हीकडच्या मंडळींना चालेल याचा बँडवाल्यांनी बराच विचार केला, आणि सगळे उभेच आहेत तर म्हणून शेवटी राष्ट्रगीत वाजवलं.

आणि प्रत्येक वेळी तोच हॉर्न. ज्या यंत्राला हॉर्न नव्हता ते शिट्टी द्यायचं, स्ट्रेचर घंटा द्यायचे. एक आखूड, एक लांब. बायका पोरांना संध्याकाळी पुलाकडे पाठवेनाशा झाल्या. पुलावर कुणीतरी उभं आहे आणि ते वाट देत नाही, असं लोक बोलायला लागले.

मग अँब्युलन्स अडकली. बाई पुलावरच बाळंत झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप होती, आणि नगरसेवक भाऊसाहेब खोतांनी जागेवर येऊन बाळाचं नाव 'सेतू' असं जाहीरही करून टाकलं, आईबापांना न विचारता. सगळे हसले. पण आत बाळंतीण होती म्हणून हसले. हार्टचा पेशंट असता तर काय झालं असतं, हे घरी जाताना प्रत्येकाच्या मनात आलं.

*

इथे जरा गोधडीबद्दल सांगायला हवं.

गोधडी ही आपल्याकडची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कॉम्प्युटर चालू केल्यावर जो आतून सगळा कारभार बघतो तो कारभारी. ही कुठल्या कंपनीची नाही. शेकडो लोकांनी फावल्या वेळात, फुकट, एकेक तुकडा लिहून ती जोडली. त्या तुकड्यांना ते ठिगळं म्हणतात. ठिगळ कुणालाही बघता येतं, कुणालाही लावता येतं. नियम एकच: ज्याचं ठिगळ त्यानंच उसवायचं, आणि तो नसेल तर त्याच्या घरच्यांच्या होकारानं. हा नियम भांडणातून आला, तसे त्यांचे सगळेच नियम भांडणातून आलेले आहेत. फुकटची म्हणून सरकारनं ती घेतली आणि बघता बघता रिक्षापासून लिफ्टपर्यंत सगळीकडे गोधडीच झाली.

जिनदत्त आरवाडे, त्रिशलाबाईंचे यजमान, पॉलिटेक्निकात शिकवायचे आणि उरलेला वेळ गोधडीवरचे खेळ खेळायचे. त्यातही थेट गोधडीसाठीच लिहिलेले. बाकीचे खेळ दुसऱ्या सिस्टिमसाठी बनलेले असतात, मध्ये एक दुभाष्या बसवला की इथेही चालतात, पण अडखळत. आरवाडे अशा खेळाला 'उसन्या कोटातला नवरदेव' म्हणायचे. गोधडीवर थेट चालणाऱ्या आपल्या आवडत्या खेळांचं त्यांनी इंटरनेटवर एक पानच ठेवलं होतं, आणि त्यात सगळ्यात वर, कायम, 'एकेरी'. दोन ट्रक, घाटातला रस्ता, गुळाची खेप आणि वाटेत एका गाडीचे पूल. पुलावर समोरासमोर आलात की एकानं मागे जायचं. जो मागे गेला त्याची खेप उशिरा पोचली.

आता जुन्या कॉम्प्युटरवर एक अडचण असते: बोट दाबलं आणि पडद्यावर ट्रक हलला, यात डोळ्याला जाणवेल इतका वेळ जातो. त्यावर गोधडीकरांनी उपाय काढला. बोट बटणावर पडायच्या आधी मनगट किंचित वळतं, कीबोर्डच्या खालच्या पट्टीवरचा दाब बदलतो, आधीच्या बटणांचा ठेका असतो. एवढ्यावरून माणूस आता काय दाबणार हे आधीच ओळखायचं आणि दाबून मोकळं व्हायचं. ह्या ठिगळाचं नाव 'चाहूल'. ते आरवाडेंचंच. माणूस ठाम असला की चाहूल त्याचं ऐकते. तो घुटमळला, की चाहूल तिला शिकवलेल्या हाताप्रमाणे करते.

प्रश्न होता, शिकवायचं कुणाच्या हातानं? हजारो तासांचा नमुना हवा होता. बाकी सगळ्यांनी दहा-दहा मिनिटं खेळून दिली आणि लग्नकार्याची कारणं सांगून पळाले. आरवाडेंनी 'एकेरी'चे आपले सगळे जुने डाव दिले आणि वर लिहिलं: 'तात्पुरता नमुना. चांगला मिळाला की बदलणे.' आता, तात्पुरत्या सोयीइतकी टिकाऊ गोष्ट आपल्या देशात दुसरी नाही. तोच नमुना रिक्षात गेला, लिफ्टमध्ये गेला, स्ट्रेचरमध्ये गेला. एका अपघातानंतर तर सरकारनं नियमच केला की अडचणीच्या जागी माणूस घाबरतो, तेव्हा तिथे चाहूलचा शब्द शेवटचा.

म्हणजे अख्ख्या मुलुखात, जिथे म्हणून माणूस घुटमळेल, तिथे निर्णय कवठेपूरचे जिनदत्त आरवाडे घेणार होते. हयात असताना, आणि नंतरही.

*

समीना मुजावर त्रिशलाबाईंच्या घरी आली तेव्हा पाच वाजून गेले होते. ती आरवाडेंची एके काळची विद्यार्थिनी. आता पुलाच्या अलीकडे तिचं ई-रिक्षा दुरुस्तीचं दुकान होतं आणि गावच्या गोधडीकरांची ती मुख्य होती, म्हणजे भांडणं तिच्याकडे यायची.

"ये, समीना. चहा टाकते."

"चहा नको काकू. बसा तुम्ही." समीना स्वतः मात्र बसली नाही. "मला एक सांगा. सर गेल्यावर हा कॉम्प्युटर कोण लावतंय?"

कॉम्प्युटर पश्चिमेच्या खिडकीपाशी होता. समोर दोन खुर्च्या. एकीवर आरवाडेंची चपटी झालेली उशी तशीच.

"कोण लावणार? पुसते मधनंमधनं."

"काकू, चाहूलचा मूळ नमुना ह्या यंत्रावर आहे. हे जे शिकतंय ते मुलुखभर जातंय. आम्ही तपासलं." समीनाचा आवाज खाली आला. "सर वारल्यापासनं रोज संध्याकाळी ह्या घरातनं ठिगळाला टाके पडायलेत, नवे डाव जमा व्हायलेत. रोज. सरांच्या हाताचे. माझ्या अंगावर काटा आला बघा. मी आमच्या पोरांना सांगितलंच नाही."

त्रिशलाबाईंनी खिडकीबाहेर सूर्य किती वर आहे ते बघितलं, जुन्या सवयीनं, आणि जाऊन कॉम्प्युटर चालू केला.

पडद्यावर घाट उजळला. दोन ट्रक. डावा त्रिशलाबाईंचा. उजवीकडच्या खुर्चीत कुणी नव्हतं, तरी उजवा ट्रक निघाला. वळणावर उगाच जरा बाहेरून, गिअर उशिरा बदलत, रस्ता बापाचा असल्यासारखा. समीनानं आपल्या दुकानात खेळायला बसणाऱ्या सरांच्या मागे पाच वर्षं उभं राहून हे वळण बघितलं होतं. ती नकळत एक पाऊल मागे सरली.

पूल आला. दोन्ही ट्रक समोरासमोर. त्रिशलाबाईंनी ट्रक मागे घेतला. उजवा ट्रक ऐटीत पुढे गेला आणि जाता जाता बोलला: पों. पोंऽऽऽ.

"रोज?" समीनानं विचारलं.

"रोज."

"आणि रोज तुम्ही हरता?"

"रोज."

"पण काकू, सर इतके चांगले खेळत नव्हते हो! ऑनलाइन तर सगळे त्यांना हरवायचे. मी हरवलंय!"

"मीही हरवलं असतं," त्रिशलाबाई म्हणाल्या. "डोळे मिटून."

आणि मग त्यांनी जे कुणाला कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. आरवाडेंचं घर दिवस मावळायच्या आत जेवणारं. सूर्य गेला की पाण्याशिवाय काही नाही, पिढ्यानपिढ्यांची रीत. दवाखाना पाचला बंद करून त्या घरी यायच्या, मग एक डाव, मग जेवण. ह्या खेळात पहिल्यांदा त्या जिंकल्या तेव्हा आरवाडेंनी खेळ थांबवला, भिंतीकडे तोंड केलं आणि गप्प बसले. भूक नाही म्हणाले. रुसवा निघेपर्यंत सूर्य गेला. रात्रभर उपाशी. पुढे त्यांना शुगर निघाली, मग तर उपाशी ठेवायची सोयच राहिली नाही.

"म्हणून मी हरायचे. शेवटच्या क्षणी, कळणार नाही असं. मी हरले की हे हसत उठायचे, दोन भाकरी जास्त खायचे."

समीना हळूहळू उजव्या खुर्चीच्या काठावर, उशीला धक्का न लावता टेकली. तिच्या डोक्यात हिशेब जुळत होता आणि तो जुळू नये असं तिला वाटत होतं.

"जिवंत होते तोवर बाहेरची माणसंबी त्यांना हरवत होती," ती म्हणाली. "नमुन्यात दोन्ही होतं. गेल्यापासनं त्यांच्याशी फक्त तुम्ही खेळताय. वर्षभर ते एकदाबी हरले नाहीत. चाहूल काय शिकली? समोरचा हटतोच. मग दोन रिक्षा पुलावर आल्या, दोघींत सरच..."

"आणि कोण हटणार," त्रिशलाबाईंनी वाक्य पुरं केलं.

पडद्यावर खेप पोचवून उजवा ट्रक उगाच गोल गोल फिरत होता. हा त्यांचा 'चला, जेवायला वाढा'चा इशारा.

"उसवायचं म्हणलं तर तुमचा होकार लागतोय, काकू. पण नमुना गेला की हे पण गेलं. घरातलं."

"नाही."

"काकू, ते सर न्हाईत. सवय आहे नुसती."

"एवढी वर्षं संसार केला, समीना. सवयीपलीकडं नवऱ्यात आणखी काय असतंय, तूच सांग."

समीनालाही नवरा होता. शेवटी ती उठली आणि दारात जाऊन वळली.

"मग दुसरा एकच मार्ग आहे. सरांना हरायला शिकवायचं. आणि ते तुम्हीच शिकवू शकता. पुलावर अँब्युलन्स परत अडकायच्या आत."

*

त्रिशलाबाई तयार झाल्या. पण हे समीनानं दुकानात चारचौघांत बोलायला नको होतं. कुणीतरी ते भाऊसाहेब खोतांच्या कानावर घातलं, आणि पुढच्याच रविवारी मंगल कार्यालयात स्टेज, हार, समई आणि भलामोठा फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर आरवाडेंचा हसरा फोटो आणि खाली: 'कै. जिनदत्त आरवाडे यांस हरविण्याचा जाहीर कार्यक्रम. निमंत्रक: भाऊसाहेब खोत मित्रमंडळ.'

"अहो, हे काय हे?" त्रिशलाबाई फ्लेक्सकडे बघत म्हणाल्या.

"लोकांचा सहभाग पाहिजे, डॉक्टरीणबाई," भाऊसाहेब म्हणाले. त्यांनी नारळ फोडला, फरशी पुसणाऱ्या यंत्रावर पाणी उडालं, आणि भाषणाच्या शेवटी गहिवरून बोलून गेले, "सरांच्या आत्म्यास पराभव लाभो, हीच प्रार्थना." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सुधारणा लगेच दिसावी म्हणून समीनानं त्रिशलाबाईंच्या घरून आणलेला कॉम्प्युटर गावातल्या सगळ्या यंत्रांना थेट जोडून ठेवला होता. मोठ्या पडद्यावर घाट उमटला. त्रिशलाबाईंनी पदर खोचला. दाढ काढण्याआधी खोचायच्या तसा.

उजवा ट्रक ऐटीत पुलावर आला. डावाही आला. उजव्यानं पुढचा हॉर्न तयारच ठेवला असणार. त्रिशलाबाई हटल्या नाहीत. त्या कडेच्या दगडाला चाक घासत इतक्या पुढे गेल्या की उजव्याला मागे जाण्यावाचून इलाज उरला नाही, आणि तो गेला, अडखळत, पहिल्यांदाच उतारावर आल्यासारखा. डाव संपला. खेप आधी पोचली ती डाव्याची.

टाळ्या सुरू व्हायच्या आत पडदा गोठला. मध्ये दोन उभ्या रेघा. खेळ थांबवलेला.

"कुणी थांबवला?" समीना ओरडली.

कुणीच नाही. उजव्या खुर्चीत कोण बसणार होतं? त्या खुर्चीवर त्रिशलाबाईंनी घरून आणलेली उशी होती.

बाहेरून आरडाओरडा ऐकू आला. पुलावरच्या, बाजारातल्या, स्टँडवरच्या सगळ्या रिक्षा आहे तिथे उभ्या राहिल्या होत्या. मिसळच्या हॉटेलात ऑर्डरचा पडदा बंद. दळणाची चक्की बंद. भाऊसाहेब बातमी द्यायला म्हणून लिफ्टनं खाली निघाले होते, ते दोन मजल्यांच्या मध्ये अडकले आणि तिथून त्यांचं पुढचं भाषण ऐकू यायला लागलं. अख्खं गाव रुसून भिंतीकडे तोंड करून बसलं होतं.

हॉलमधले लोक हळूहळू दाराकडे सरकायला लागले. समीनानं जोडणी तोडायला हात घातला, तर जोडणीही थांबलेली.

"काकू, काहीतरी करा. सर रुसले की तुम्ही काय करायचा?"

त्रिशलाबाईंनी खिडकीतून सूर्य बघितला. चांगला कासराभर वर होता. त्या काय करायच्या? म्हणायच्या, बरं बाबा, तुमचंच खरं. म्हणायच्या, माझं चुकून बटण दाबलं गेलं. आरवाडेंच्या शेवटच्या दुखण्यात, हॉस्पिटलातही तेच केलं होतं. रिपोर्ट त्यांनी वाचला होता, त्यांना वाचता येत होता. आणि बाहेर येऊन म्हणाल्या होत्या, काही नाही हो, आठवड्यात घरी जाऊ. पेशंटला म्हणतात तशा आवाजात. आरवाडेंनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? त्यांच्या समोरचा नेहमी हटत आला होता. आत नेताना मिशीला हात लावून बायकोला म्हणाले, "डॉक्टर, उद्या गुळाची खेप लावू." तेवढंच. एक शब्द निरोपाचा नाही. निरोप घ्यायचा असतो हेच त्यांना कुणी कळू दिलं नव्हतं.

पडद्याला कान नव्हते. समीनानं बजावलं होतं, चाहूलला फक्त बटणं कळतात. त्रिशलाबाईंनी बटणांकडे बघितलं. इतक्या वर्षांत एक बटण त्यांनी कधीच दाबलं नव्हतं.

त्यांनी दाबलं. पों. मग, मनात एक श्वास मोजून, पोंऽऽऽ.

दोन रेघा तशाच.

"ऐकू आलं का?" त्रिशलाबाई पडद्याला म्हणाल्या. बटणं कळतात तर कळू देत, पण त्यांना बोलायचं होतं. "हरलात तुम्ही. नेहमीच हरला असता. उठा आता." आणि पुन्हा हॉर्न. अधिक लांब. सरळसरळ वेडावणारा.

दोन रेघा गेल्या. उजवा ट्रक चवताळून निघाला, गिअर खरडत, आणि बाहेर गावभर रिक्षा एकदम सुटल्या. लिफ्टमधून भाऊसाहेबांची किंकाळी खालच्या मजल्याकडे गेली.

त्या दिवशी त्रिशलाबाईंनी त्यांना सूर्य मावळेपर्यंत हरवलं. रुसवे झाले, पण प्रत्येक रुसवा आधीपेक्षा आखूड. मग एका पुलाआधी उजवा ट्रक घुटमळला. मग एका पुलावर स्वतःहून मागे झाला. लोक नाचायला लागले. त्रिशलाबाई फक्त पडद्याकडे बघत राहिल्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आरवाडेंना पहिल्यांदा जिना उतरताना त्यांनी असंच बघितलं होतं. हात द्यायचा नाही असं फिजिओनं सांगितलेलं.

*

पूल मोकळा झाला. आता दोन रिक्षा आल्या की नंतर आलेली मुकाट मागे सरते, आणि अँब्युलन्स दिसली तर दोन्ही. मंगल कार्यालयातली यंत्रं दारात एकमेकांना इतका वेळ वाट देतात की बघणाऱ्यालाच लाज वाटावी. हॉर्न बंद झाला. रिक्षावाले म्हणतात, गाडीत आता राम राहिला नाही, पण धंदा बरा आहे.

दवाखान्यात त्रिशलाबाई पेशंटला सांगायला लागल्या, "दुखेल. मी सांगते तेव्हा." पेशंट थोडे कमी झाले. जे आले ते मात्र त्यांचा हात घट्ट धरायचे.

घरी त्यांनी बरेच दिवस कॉम्प्युटर लावला नाही. मग एका संध्याकाळी पाचला घरी आल्या, भाकरी करून ठेवल्या, आणि बसल्या.

उजवा ट्रक निघाला. वळण तेच, बाहेरून. पण पूल दिसताच तो आधीच थांबला आणि मागे मागे गेला. रस्ता मोकळा सोडून, दिवे मंद करून उभा राहिला. शहाण्या, परक्या माणसासारखा. त्रिशलाबाई पुढे गेल्या नाहीत. तो रुसला नाही. त्यानं हॉर्न दिला नाही. पडद्यावर गुळाची पोती वाऱ्यात नुसती हलत होती आणि त्यांना वाटलं, आपण ह्या माणसाला दुसऱ्यांदा पोचवून आलो.

त्या उठल्या. कॉम्प्युटरच्या मागे हात घालून त्यांनी इंटरनेटची वायर काढली. हे गावाला कळायचं काही कारण नव्हतं.

मग बसून त्यांनी आपला ट्रक मागे घेतला. मुद्दाम. हळू. लपवायचा प्रयत्न न करता, अगदी काठापर्यंत.

पूल मधोमध रिकामा. दोन्ही टोकांना दोन ट्रक.

पूर्वी त्यानं वाट बघितली नसती. हटलेला दिसला की उसळून आला असता. आता तो थांबून राहिला. इतका वेळ की त्रिशलाबाईंना खुर्ची करकरल्यासारखी वाटली आणि त्यांनी उजवीकडे बघायचं टाळलं. मग उजवा ट्रक निघाला. सावकाश, कडेकडेनं, आपल्याला वाट दिली गेली आहे हे माहीत असलेल्या माणसासारखा. त्यांच्या शेजारून जाताना तो अर्धा क्षण रेंगाळला.

पों.

एकदाच. दुसरा आला नाही.

त्रिशलाबाईंनी डोळे पुसले, खिडकीबाहेर बघितलं आणि घाईनं उठल्या. सूर्य अजून होता. त्यांनी ताट वाढून घेतलं आणि उजेड आहे तोवर जेवून घेतलं.